गोपकपट्टणाची मारेकरीण

मारेकरी मुलगी, दरबारी कारस्थान आणि प्रेम ही तीन सूत्रे किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कल्पनारम्य कादंबऱ्यांत इतक्या वेळा एकत्र येतात की हा निव्वळ विक्रीचा हिशेब असावा, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. लहान दरबारात ही तीन सूत्रे मुळातच एकमेकांत गुंतलेली असतात. ज्या राज्याकडे मोठी फौज नाही आणि ज्याच्या दोन्ही अंगांना त्याला गिळायला टपलेली मोठी राज्ये आहेत, त्याला युद्ध परवडत नाही. त्याला परवडतात त्या दोनच गोष्टी, सोयरीक आणि विषाची पुडी. त्यामुळे तिथे लग्न हाच तह असतो, खून हीच मोहीम असते, आणि दोन्ही बऱ्याचदा एकाच दालनात उरकले जातात.

युरोपातले याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनी, फ्रान्सला लागून असलेले एक छोटे ड्यूकचे राज्य. 1488 च्या जुलै महिन्यात फ्रेंच सैन्याने तिथल्या ड्यूकचा पराभव केला, सप्टेंबरात ड्यूक वारला आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी ॲन गादीवर आली. तिचे लग्न कोणाशी लागते यावर त्या देशाचे स्वतंत्र राहणे अवलंबून होते. 1490 मध्ये हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनशी तिचे लग्न झाले, तेही तो हजर नसताना प्रतिनिधीकरवी. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी रेन शहराला वेढा दिला आणि डिसेंबर 1491 मध्ये तिला फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशी लग्न करावे लागले. अशा मुलीच्या दाराशी एखादी मारेकरीण पहाऱ्यावर बसवण्याचा मोह कोणत्या लेखकाला होणार नाही?

माझी भाची अशा कादंबऱ्या इंग्रजीतून एकामागून एक वाचते. ‘मावशी, आमच्या गोव्यात असली एक तरी राजकन्या नव्हती काय?’ असे तिने विचारले तेव्हा मी तिला बसच्या पाट्यांवरचे नाव वाचायला सांगितले. कदंब हे नाव आज गोव्यात शाळकरी पोरांनाही परिवहन महामंडळामुळे ठाऊक असते, पण ज्या घराण्याचे ते नाव आहे त्याचा दरबार कसा चालत असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही. चांदोर येथील चंद्रपुराहून त्यांची राजधानी जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या गोवा वेल्याच्या परिसरात आली, ती बंदरासाठी. पहिल्या जयकेशीच्या 1053 च्या ताम्रपटात छडम नावाचा अरबी वंशाचा अधिकारी दिसतो आणि गोपकातील मिजिगितीच्या, म्हणजे मशिदीच्या, खर्चासाठी बंदरात येणाऱ्या तारवांवर कर बसवल्याची नोंद मिळते. स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने धन्य म्हणवणारा राजा आणि त्याच्या कारभारात अरबी व्यापाऱ्याचा वंशज, असा दरबार काल्पनिक नकाशावर रचायला लेखकाला पानेच्या पाने खर्चावी लागली असती.

राजकन्याही होती. जयकेशीची मुलगी मयणल्लादेवी गुजरातच्या चौलुक्य कर्णाला दिली गेली. गुजरातेत ती मीनळदेवी म्हणून ओळखली जाते आणि सिद्धराज जयसिंह हा तिचा मुलगा. हेमचंद्र या जैन आचार्याने द्व्याश्रय काव्यात चित्रावरून जुळलेल्या प्रेमाचे गोड वर्णन केले आहे. मेरुतुंग या जैन प्रबंधकाराने चौदाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेली कथा मात्र कितीतरी कडवट आहे, आणि म्हणूनच मला ती अधिक मोलाची वाटते. त्याच्या सांगण्यानुसार कर्णाला ही वधू कुरूप वाटली व त्याने तिला नाकारले. तेव्हा तिने सख्यांसह प्राण देण्याची तयारी केली आणि खुद्द कर्णाची आई उदयमती तिच्याबरोबर मरायला निघाली, म्हणून नाइलाजाने लग्न लागले. लग्नानंतरही राजा तिच्याकडे फिरकेना. पुढे त्याचे मन एका हलक्या मानल्या गेलेल्या स्त्रीवर गेले आहे, हे मुंजाल नावाच्या मंत्र्याला कळले आणि त्याने त्या स्त्रीच्या जागी, तिच्याच वेषात, राणीला रात्री राजाकडे पाठवले. राणीने खूण म्हणून राजाची अंगठी मागून घेतली. सकाळी पश्चात्तापाने पोळलेला राजा प्रायश्चित्त म्हणून तापवलेल्या तांब्याच्या पुतळ्यांना कवटाळायला निघाला, तेव्हा मंत्र्याने खरे काय ते सांगितले.

ही कथा जशी घडली तशीच सांगितली आहे, असा माझा दावा नाही. प्रबंधकारांना चमत्कृतीची आवड होती. पण कादंबरीसाठी लागणारे सारे काही तिच्यात आहे: परका दरबार, भाषा न कळणारी वधू, सासूचा अनपेक्षित आधार, मंत्र्याचा डाव, आणि वेषांतराने मिळवलेली, जिला प्रेम म्हणावे की फसवणूक ते ठरत नाही अशी एक रात्र. आजचा लेखक मयणल्लेच्या हाती घाईघाईने कट्यार देईल. ती तिला देऊ नये. त्या रात्री ती राजाच्या इतक्या जवळ गेली होती की कोणत्याही मारेकऱ्याने तिचा हेवा केला असता, आणि तिने घेतली ती फक्त अंगठी.

मारेकऱ्याचे खरे कौशल्य जवळ जाण्यात असते, हे कौटिल्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या अर्थशास्त्रात विष देणाऱ्या हेरांना ‘रसद’ म्हटले आहे आणि त्यांची लक्षणे दिली आहेत ती अशी: आप्तांविषयी माया नसलेले, क्रूर आणि आळशी. हा आळशीपणा मला फार आवडतो, कारण कादंबऱ्यांतले मारेकरी पहाटे उठून तलवारीचा सराव करत असतात. रसदांनी घ्यायची सोंगे म्हणजे स्वयंपाकी, न्हाऊ घालणारा, अंग रगडणारा, अंथरूण घालणारा, पाणी देणारा. अंतःपुराच्या प्रकरणात तर बळी गेलेल्या राजांची यादीच आहे: काशिराजाला राणीने मधाऐवजी विषात कालवलेल्या लाह्या दिल्या, वैरंत्याचा जीव विषारी पैंजणाने गेला, जालूथाचा आरशाने, आणि विदूरथाच्या राणीने वेणीत शस्त्र लपवले होते.

कल्पनारम्यतेची सामग्रीही तिथेच आहे. सापाच्या विषाची शंका येताच पोपट आणि साळुंकी ओरडतात, विषाजवळ क्रौंच माततो, कोकिळ मरतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, असे कौटिल्य शांतपणे नोंदवतो. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या संस्कृत नाटकात भिंतीच्या फटीतून भाताची शिते घेऊन निघालेल्या मुंग्यांवरून चाणक्य आत दडलेले मारेकरी ओळखतो. त्यात जादू कुठेच नाही, तरी अंगावर काटा येतो. परदेशी कादंबऱ्यांतल्या जादूचे नियम उचलून आणण्यापेक्षा त्या काळच्या माणसाला जे खरे वाटत होते तेवढेच खरे धरावे. मुलगी विषकन्या असेल, तर दालनातल्या चकोराने तिला ओळखले पाहिजे आणि तिला आधी त्या पाखराचा बंदोबस्त करावा लागला पाहिजे.

गोव्यातली अशी कादंबरी मी लिहिली, तर तिचा काळ 1342 च्या आसपासचा धरीन. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तेव्हा गोव्याच्या दक्षिणेकडील होनावर बंदरात होता. त्याच्या वृत्तांतानुसार संदापूरच्या, म्हणजे गोव्याच्या, राजाचे आपल्या मुलाशी बिनसले आणि त्या मुलाने होनावरचा सुलतान जमालुद्दीन याला पत्र लिहून बंदर घेण्यास बोलावले. त्या बदल्यात आपण इस्लाम स्वीकारू आणि सुलतानाच्या बहिणीशी लग्न करू, असे त्याने कळवले. 52 जहाजांचा काफिला निघाला, बंदर पडले, आणि काही काळाने संदापूरच्या जुन्या राजाने उलट वेढा दिला तेव्हा इब्न बतूता तिथून सटकला. या प्रसंगाचा धार्मिक प्रचार करणे कोणत्याही बाजूने सोपे आहे, आणि म्हणूनच तो मोह टाळून बापावर चिडलेल्या पोराची आततायी कृती म्हणून तो लिहायला हवा. सुलतानाच्या बहिणीला काय वाटले, हे कोणी विचारलेले नाही.

माझी नायिका त्या बहिणीबरोबर होनावराहून आलेली, अंथरूण घालणारी मुलगी असेल. बंदर हाती आल्यावर नवरदेवाची गरज उरत नाही, हे सुलतानाच्या माणसांनी तिला निघण्यापूर्वीच समजावलेले असेल. ज्याला मारायचे तो तिला आवडू लागतो, ही वाट फार मळलेली आहे. तिचा जीव जडावा तो वेढ्याच्या बाजूच्या कोणावर, बहुधा रात्री घोडे पाण्यावर नेणाऱ्या मोतद्दारावर. गोव्यात प्रेमाला फास लागल्याची नोंद आहेच: 1510 च्या पावसाळ्यात पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कची जहाजे मांडवीत अडकून पडली असताना, आदिलशाही जनानखान्यातल्या बंदिवान स्त्रीकडे जातो म्हणून रुई दियास या पोर्तुगीज सरदाराला फाशी देण्यात आले. माझ्या कथेला घड्याळही तोच पाऊस पुरवील. मृगाच्या आधी तिने पेला पुढे केला नाही, तर समुद्र बंद होईल आणि चार महिने त्या कोटातून कोणालाच बाहेर पडता येणार नाही, तिला नाही आणि तिच्यावर नजर ठेवायला पाठवलेल्या दुसऱ्या रसदालाही नाही.