औषधाच्या खोलीतला स्टुडिओ

तासगाव तालुक्यात आमचा मळा आहे. २०१३ साली द्राक्षबाग काढली आणि फवारणीची औषधं ठेवायची दगडी खोली रिकामी झाली. त्याच खोलीत स्टुडिओ थाटला. पहिले सहा महिने माईकसमोर उभं राहणारा आधी नाक मुरडायचा. वडील म्हणाले, एवढ्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या. खरंच आल्या असत्या.

सुरुवातीला भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. आतला आवाज जरा कमी घुमू लागला, पण विहिरीवरची मोटर जशीच्या तशी आत यायची. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, हे उशिरा कळलं. मग जाड फळ्यांचं दुहेरी दार केलं आणि चौकटीला रबर लावलं. आतून रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, त्यावर आजीच्या गोधड्या. तेवढ्यावर आजही भागतंय.

लाईटचं दुखणं वेगळंच. स्पीकरमधून सतत घूं... असा ५० हर्ट्‌झचा आवाज यायचा. खड्डा खणून, त्यात मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं तेव्हा तो गेला. माती ओली राहावी म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. मोटरींना लागणारी शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कुणी मोटर चालू केली की स्टार्टरचा ‘टक्’ ट्रॅकवर उमटायचा. म्हणून आमच्या तारखा पंचांगापेक्षा लाईटच्या वेळापत्रकावर ठरतात.

काम मुख्यतः भजनी मंडळांचं. इथं मी मोठी चूक केली. शहरातल्यासारखं एकेकाला आत घेऊन, कानात मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टकटक देणारं लयीचं यंत्र, लावून रेकॉर्ड करायचो. बुवांची लय अभंगाच्या शेवटी चढणारच, ती मशीनला कशी बांधायची? एक बुवा हेडफोन काढून म्हणाले, “ह्यो कानात कोण टकटक करतोय, त्याला आधी भायेर काढा.” आता सगळे एकत्र बसतात. पखवाजाला दोन्ही तोंडांशी एकेक माईक, बुवांना वेगळा, आणि टाळकरी दाराशी, कारण टाळ प्रत्येक माईकमध्ये घुसतो. एखादा सूर हलला तर हलू दे.

२०२० साली पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारी चुकलेली मंडळी चौघं-चौघं येऊन अभंग रेकॉर्ड करून गावच्या व्हॉट्सॲपवर टाकायची. तेव्हापासून आषाढीआधीचा महिना कधी रिकामा गेलेला नाही. मधल्या काळात हळदीची गाणी, यात्रेच्या जाहिराती आणि ग्रामपंचायतीचा प्रचार. दोन्ही पॅनेलचं काम घेतो, एकाला सकाळची वेळ, दुसऱ्याला संध्याकाळची. चाल बहुतेकदा एकच निघते, ते आम्ही कुणाला सांगत नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक पंख्याखाली तासाभरात सुकते आणि आवाज चढतो. तारीख ठरली की बायको दोनच गोष्टी विचारते: पखवाजाला कणीक किती मळू आणि जेवायला किती जण?