तेरुएलचं लग्न आणि नवऱ्याचं क्रेडिट कार्ड

आधी एवढंच सांगते. स्पेनमध्ये गाडी भाड्याने घेणार असाल, तर जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड जवळ ठेवा. आमच्या गाडीवाल्या कंपनीला बायकोचं चाललं नाही, डेबिट तर नाहीच नाही. बुकिंगमध्ये तळाशी बारीक अक्षरात हे होतं म्हणे. वाचतंय कोण!

आम्ही निघालो होतो स्पेनमधल्या तेरुएल गावाचा फेब्रुवारीतला उत्सव बघायला. व्हिसा, विमान, आरटीओतून नवऱ्याचा आंतरराष्ट्रीय परवाना (१,००० रुपये, वर्षभर चालतो) सगळं सुरळीत झालं. शुक्रवारी दुपारी दोनला व्हॅलेन्सिया विमानतळावर काउंटरशी पोहोचलो आणि रुतलो. बुकिंग त्याच्या नावावर, पैसे माझ्या कार्डावरून. काउंटरवरच्या मुलीला १,१०० युरो अनामत अडकवून ठेवायची होती, तीही त्याच्याच कार्डावर. माझ्या पासपोर्टवर छापलेलं त्याचं नाव दाखवलं. ती गोड हसली. "नो एस पोसिब्ले." म्हणजे शक्य नाही.

नवऱ्याकडे क्रेडिट कार्ड होतं, पण त्यावर परदेशातले व्यवहार बंद. २०२० पासून नवं कार्ड तसंच येतं, चालू आपण करायचं. ते बँकेच्या अ‍ॅपवरून, आणि अ‍ॅप उघडायला भारतातलं सिम फोनमध्ये हवं. ते साहेबांनी मुंबईतच काढून पासपोर्टच्या कव्हरमागे सेलोटेपने चिकटवलेलं, "हरवायला नको म्हणून". माझ्या कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडला. सिम घातलं, तर रोमिंग नाही. वायफायवरून सांगलीला भावाला फोन लावला. तिकडे साडेसहा वाजून गेलेले, दुकानात गिऱ्हाईक. तरी त्याने पॅक मारला. "ताई, आला का मेसेज?" नाही. "आता?" नाही. आमच्या मागून आलेली चार कुटुंबं किल्ल्या घेऊन गेली. ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. दुसरा मागवला. एकदाचं बटण हिरवं झालं, कार्ड मशीनला लावलं, नामंजूर! कार्डाची मर्यादा ८०,००० रुपये, अनामत त्याहून जास्त. शेवटी जो नको नको म्हणत होतो तोच कंपनीचा विमा घेतला, दिवसाला २७ युरो, तेव्हा अनामत ३०० वर आली. किल्ली हातात पडली पाच वाजून दहा मिनिटांनी.

तेरुएलला जाणाऱ्या ए-२३ रस्त्याला टोल नाही. गाव नऊशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे व्हॅलेन्सियाच्या उन्हाला भुलून जाकीट बॅगेच्या तळाशी घालू नका. आणि खोली काही महिने आधी पकडा. आम्हाला गावात मिळालीच नाही, पस्तीसेक किलोमीटरवर अल्बारासिनला मिळाली.

दर फेब्रुवारीत तेरुएल १२१७ सालात जातं आणि इसाबेल-दिएगो या प्रेमिकांची दंतकथा गावभर प्रसंगाप्रसंगाने करून दाखवतं. इसाबेलच्या बापाने दिएगोला पैसा कमवायला पाच वर्षांची मुदत दिली होती. तो परतला तेव्हा तिचं लग्न लागलेलं. शुक्रवारचे प्रसंग आमचे हुकले. नवरा म्हणाला, "त्यालाही काउंटरवर अडवलं असणार."

शनिवारी सगळं गाव झग्यात आणि लोकरीच्या अंगरख्यात. तंबूंपुढे शेकोट्या, मांस भाजल्याचा वास. एका बाईने बाबागाडीसुद्धा गोणपाटाने मढवली होती. प्लास्टिकचं चाक दिसायला नको! माझं चकचकीत निळं जाकीट मलाच खुपायला लागलं. रविवारी शेवटचा प्रसंग झाला. इसाबेल मेलेल्या दिएगोचं चुंबन घेते आणि त्याच्यावरच कोसळते. शेजारची आजी डोळे पुसत होती. दरवर्षी बघत असणार, तरी.

इसाबेल-दिएगोच्या समाधीवर शिल्पकार हुआन दे आवालोसने केलेले संगमरवरासारखे पांढरे, अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाचे पुतळे आहेत. आडव्या पडलेल्या दोघांचे हात एकमेकांकडे गेलेत, पण टेकत नाहीत. ती दुसऱ्याची बायको ना. नवरा वाकून त्या फटीकडेच बघत राहिला.

हो, टाकी भरल्याची पावती जपा. गाडी परत दिली तेव्हा काउंटरवर तीच मुलगी होती. कार्ड मागितलंसुद्धा नाही. ३०० युरो सुटायला मात्र १९ दिवस लागले.