अजित वाडेकर, तारखेवारीने

१ एप्रिल

भारताचे माजी क्रिकेट कर्णधार वाडेकर यांचा जन्म १९४१ सालचा, याच तारखेचा. त्यांच्याविषयी लोकांचं मत किती वेळा फिरलं, हे वर्षातल्या काही ठरावीक तारखांना हमखास आठवतं. म्हणून यंदा त्या त्या दिवशीच नोंद करायची.

सुरुवात १९७१च्या जानेवारीपासून. वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना निवड समितीत मतं समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं आणि पतौडींचं कर्णधारपद गेलं. लोकांना हे रुचलं नाही, आणि त्यात लोकांचं फारसं चुकलंही नाही. पतौडींनी १९६८ साली न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळवून भारताला परदेशातली पहिली मालिका जिंकून दिली होती. एका डोळ्याने जवळपास दिसत नसताना हा माणूस कव्हरला चित्त्यासारखा धावायचा. त्याच्या जागी आला कोण, तर स्टेट बँकेत नोकरी करणारा, मैदानावर खाली मान घालून चालणारा, कमी बोलणारा डावखुरा फलंदाज. रणजीत म्हैसूरविरुद्ध ३२३ धावांची खेळी नावावर होती, पण कसोटीत शतक एकच, वेलिंग्टनचं १४३. तेही पतौडींच्याच हाताखाली काढलेलं.

त्या वेळी कुणी फारसं पाहिलं नाही ते असं, की नव्या कर्णधाराने निवडीत काय मागितलं. दिलीप सरदेसाईंना संघात घ्या, असा आग्रह वाडेकरांनी धरला. सरदेसाई संपले, असं बोललं जात होतं. सलीम दुराणीही परत आले. कर्णधाराचं निम्मं काम विमानात बसण्याआधीच होतं, असं माझं ठाम मत आहे. त्या दौऱ्यात सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पाऊस पडला आणि पहिला दिवस वाया गेला. भारत ५ बाद ७५ वरून ३८७ पर्यंत पोहोचला. सरदेसाई २१२, एकनाथ सोलकर ६१. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते, पण पहिला दिवस पूर्ण बुडाला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकरांना हा नियम पक्का ठाऊक होता. ते सरळ वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्स याच्या ड्रेसिंगरूममध्ये गेले आणि फलंदाजी पुन्हा तुम्हीच करायची आहे, असं सांगून आले. भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची ती पहिलीच वेळ. सामना अनिर्णित राहिला. कन्हायने नाबाद १५८ आणि सोबर्सने ९३ धावा करून तो वाचवला. पण धाक घालणारा संघ आता आपला आहे, हे दोन्ही बाजूंना त्याच दिवशी कळलं.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात चेंडू दुराणींकडे दिला. त्यांनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला १५ वर झेलबाद केलं. तो झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. दुराणींचा हिशेब १७ षटकं, २१ धावा, २ बळी. बळी दोनच, पण कुणाचे ते पाहा. भारत ७ गडी राखून जिंकला. पदार्पण करणाऱ्या गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. मालिका १-० आणि लोकांचं मत पार उलटं झालं. फक्त एक शेपूट मागे राहिलं: ‘नशीबवान कर्णधार’. गावसकर मिळाले म्हणून जिंकला, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, हे खरंच आहे. पण सरदेसाई संघात नसते तर किंग्स्टनला ७५ वर पाच गेल्यानंतर मालिकेचं काय झालं असतं, हेही त्याच माणसांनी एकदा मांडून बघावं.

२४ जून

लॉर्ड्स, १९७४. सर्वबाद ४२.

पुढे ४६ वर्षं हा भारताचा नीचांक राहिला. २०२०च्या डिसेंबरात ॲडलेडला ३६ झाल्यावर तो मोडला. वाडेकरांचं नाव काढलं की अजून कुणीतरी ‘बेचाळीस’ म्हणतंच, म्हणून हा डाव नीट उलगडून लिहितो.

इंग्लंडने पहिल्यांदा ६२९ केले. त्याच डावात चंद्रशेखर जायबंदी झाले, जेमतेम साडेनऊ षटकं टाकून. बेदींनी ६ बळी घेतले, पण २२६ धावा मोजून. भारताचा पहिला डाव बरा सुरू झाला होता. गावसकर आणि इंजिनियर यांची सलामी १३१ धावांची. त्यावरून घसरण होत ३०२ आणि फॉलोऑन. शनिवारी संध्याकाळी बिनबाद २. रविवार विश्रांतीचा. सोमवारी सकाळी आभाळ भरलेलं, हवा जड. अरनॉल्ड आणि ओल्ड यांचा चेंडू हवेतही वळत होता आणि टप्पा पडल्यावरही हलत होता. ओल्डचे २१ धावांत ५, अरनॉल्डचे १९ धावांत ४. दोघांची आठ-आठ षटकं, हेंड्रिकचं एक; सतरा षटकांत खेळ खलास. सोलकर नाबाद १८. चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकले नाहीत, त्यामुळे नऊ बळींतच डाव संपला. हार एक डाव आणि २८५ धावांची.

आता यात कर्णधाराचा दोष किती? ४२ मध्ये फार थोडा. अशा हवेत, पुढे सरसावून खेळायची सवय नसलेल्या फलंदाजांचं असं होतं. बॅट शरीरापासून लांब जाते, चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघतो आणि कड घेतो. दोन बळी पटकन गेले की पुढचा माणूस धावांचा विचार सोडून नुसता टिकायला बघतो, आणि गोलंदाजाला तेच हवं असतं.

खरं दुखणं ६२९ मध्ये आहे. वाडेकरांचं नेतृत्व एका यंत्रावर चालायचं, आणि त्या यंत्राचे तीन भाग होते. पहिला भाग नव्या चेंडूची लकाकी घालवण्यापुरती आबिद अली आणि सोलकर यांची चार-सहा षटकं. दुसरा भाग दोन्ही टोकांकडून फिरकी, त्यात चंद्रशेखरांचा झपकन येणारा गुगली फार मोलाचा, कारण तो खेळपट्टीवर अवलंबून नसायचा. तिसरा भाग जवळचे क्षेत्ररक्षक: फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर, गलीत वेंकटराघवन, स्लिपमध्ये स्वतः वाडेकर. सोलकरांचे २७ कसोटींत ५३ झेल आहेत आणि वाडेकरांचे ३७ कसोटींत ४६. फिरकीच्या यशात हा वाटा गोलंदाजाइतकाच आहे. हेल्मेट नसलेल्या काळात बॅटपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, आणि नजर चेंडूवर नाही तर बॅटच्या कडेवर ठेवायची. यातला एक भाग गळला तरी यंत्र घरघरत चालतं. जून १९७४ मध्ये खेळपट्ट्या ओल्या नि थंड, त्यामुळे चेंडू वळला तरी सावकाश. चंद्रशेखर बाहेर. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचा धाक नाही, आणि खरा वेगवान गोलंदाज तर संघात आधीपासूनच नव्हता. फलंदाजाने चूक करायची वाट बघणं एवढंच कर्णधाराच्या हातात उरलं.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. १९७३च्या फेब्रुवारीत मुंबईची कसोटी संपली, त्यानंतर भारताने थेट १९७४च्या जूनमध्ये अधिकृत कसोटी खेळली. मध्ये सोळा महिने काही नाही. त्यात मार्चमध्ये सलग १५ वर्षं रणजी जिंकणारी मुंबई बंगलोरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाकडून हरली. वाडेकर त्या सामन्यात पाय घसरून धावबाद झाले होते. संघ गंजलाय याची खूण तिथेच होती, पण वेस्ट इंडीज आणि मग दोनदा इंग्लंड अशा तीन मालिका लागोपाठ जिंकलेल्या कर्णधाराकडे कुणी त्या नजरेने पाहत नव्हतं. जिंकताना डोळे मिटायचे आणि हरताना सगळंच डोळ्यांवर घ्यायचं, ही आपली जुनी खोड.

वाडेकरांची चूकही आहे आणि ती मान्य करायला हवी. संघ विस्कटायला लागला तेव्हा जवळ बसून बोलणारा कर्णधार हवा होता, आणि ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. जिंकत असताना त्याच अबोलपणाला आपण शांत डोकं म्हणत होतो.

मालिका ०-३. शेवटच्या एजबॅस्टन कसोटीत इंग्लंडचे दोनच बळी मिळाले, २ बाद ४५९. इकडे वाडेकरांच्या घरावर दगड पडले. १९७१च्या विजयांची आठवण म्हणून इंदूरला काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, संघातल्या खेळाडूंची नावं असलेली. लोकांनी ती विद्रूप केली. त्या बॅटचं फार वाईट वाटतं. नावं तर १९७१च्या संघाची होती, आणि १९७१ मध्ये जे घडलं ते काही १९७४ मुळे पुसलं जात नव्हतं.

१३ जुलै

याच तारखेला १९७४ मध्ये हेडिंग्लेला भारताचा पहिला एकदिवसीय सामना झाला, ५५ षटकांचा. कर्णधार वाडेकर, धावा ६७. भारत २६५, इंग्लंड ४ गडी राखून विजयी. ही खेळी कुणाच्या लक्षात नाही, कारण तेव्हा लोकांचा निकाल लागून गेला होता. मायदेशी परतल्यावर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. नेतृत्व पुन्हा पतौडींकडे गेलं, आणि ज्यांनी १९७१ नंतर पतौडींना जुने म्हटलं होतं त्यांनीच त्यांचं स्वागत केलं.

कर्णधार म्हणून १६ कसोटी: ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. नुसता हा आकडा पाहिला तर काहीच कळत नाही. कर्णधार जोखायचा तर मालिकेनुसार जोखावा, आणि प्रत्येक मालिकेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात, कोण गोलंदाज धडधाकट होते. ओव्हलचा ऑगस्ट आणि मँचेस्टरचा जून या एकाच देशातल्या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

१५ ऑगस्ट

२०१८ साली आजच्या दिवशी वाडेकर गेले. त्या दिवशी सगळीकडे १९७१ होतं. ४२ कुणी काढलं नाही.

पण मधला एक फेरा विसरला जातो. १९९२ ते १९९६ ते संघाचे व्यवस्थापक होते, कर्णधार अझरुद्दीन. १९९३च्या सुरुवातीला इंग्लंडला ३-०ने हरवलं ते कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकीपटूंच्या जोरावर. ते वाडेकरांचंच जुनं यंत्र होतं, फक्त भाग नवे. १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली तेव्हा सचिनला सलामीला पाठवण्याच्या निर्णयात ते होते. ४९ चेंडूंत ८२. मग १९९६चा ईडन गार्डन्सचा उपांत्य सामना. नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण, नंतर खेळपट्टी फुटली, ८ बाद १२० वर सामना श्रीलंकेला बहाल. पुन्हा तोच राग. या वेळी बाटल्या मैदानात आल्या आणि आगी प्रेक्षागृहात लागल्या.

२४ ऑगस्ट

ओव्हल, १९७१, इंग्लंडविरुद्धची कसोटी. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि लंडनमधल्या आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती.

आदल्या दिवशी चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं. यंत्राचे तिन्ही भाग त्या दिवशी एकदम फिरले. वेंकटराघवनच्या चेंडूवर नॉटचा झेल घेताना सोलकर पुढे सूर मारून आडवे झाले. खांदा जमिनीला टेकलेला आणि चेंडू गवताच्या जेमतेम वर हातात. ऑफस्पिनर प्रसन्ना मात्र त्या दौऱ्यात एकही कसोटी खेळले नाहीत, कारण उपकर्णधार वेंकटराघवनना पसंती होती. प्रसन्नांच्या चाहत्यांना हे कधीच पटलं नाही. मला त्यांचं म्हणणं समजतं, पण गलीतले हात मोजले तर वाडेकरांची निवडही समजते.

जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी २ बाद ७६, वाडेकर ४५ वर नाबाद. पहिल्याच षटकात एका चोरट्या धावेत डॉलिव्हेराच्या फेकीने ते धावबाद झाले, धावसंख्येत भर न घालता. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, शेवटी इंजिनियर नाबाद २८. धावा एकेक करत जमत होत्या. आबिद अलींनी लकहर्स्टला चौकार मारला, ६ बाद १७४, आणि प्रेक्षक मैदानात घुसले.

कर्णधार तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये झोपलेले होते. इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने येऊन त्यांना उठवलं आणि तुम्ही जिंकलात म्हणून सांगितलं. त्या वर्षी ही झोप म्हणजे केवढा विश्वास, असं घरोघरी कौतुकाने सांगितलं गेलं. धावफलकावर त्या डावात त्यांच्या नावापुढे एवढंच आहे: धावबाद ४५.