आठपट दराचा कॉल मी मधेच तोडला

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन ऑपरेटर हातानं जोडून देत त्या केंद्रात, मी रात्रपाळीला होते. मिरवणुकांचा आवाज थांबला, तसा कॉल जोडायचा बोर्डही निवांत झाला. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमिनीतून घरघर आली. प्लग सोडला की कॉर्ड आपोआप खाली ओढली जावी, म्हणून बोर्डाच्या टेबलाखाली प्रत्येक कॉर्डला एक वजन लटकलेलं असायचं. ती सगळी वजनं एकदम एकमेकांवर आपटायला लागली. आम्ही बाहेर पळालो आणि लगेच परत आत आलो, कारण दारातूनच १८० च्या, म्हणजे ट्रंक कॉल बुक करायच्या नंबरचे दिवे भराभर पेटताना दिसत होते.

ज्यांनी कधी ट्रंक कॉल बुक केला नाही, त्यांच्यासाठी सांगते. कॉल तीन प्रकारचे. ऑर्डिनरी, त्याच्या दुप्पट दराचा अर्जंट आणि आठपट दराचा लाइटनिंग. प्रत्येक बुक केलेल्या कॉलची चिठ्ठी म्हणजे तिकीट. लाइन मोकळी झाली की आधी लाइटनिंगचं तिकीट लागायचं, मग अर्जंटचं, उरलेल्या वेळात ऑर्डिनरीचं. एरवी लाइटनिंग घेणारे बहुतेक व्यापारी असत. पण पूर, आग, अपघात अशा प्रसंगी येणारा सरकारी कॉल या पैशाच्या रांगेत बसत नसे. तो सगळ्यांच्या पुढे जायचा.

उजाडायच्या सुमारास सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन आला. सर्जनना बोलवायचंय, पण घरचे सगळे नंबर एंगेज. सगळं शहर जागं होतं आणि भूकंपाबद्दल बोलत होतं. अशा वेळी आमच्याकडे एक सोय असायची, ट्रंक ऑफर. लोकल बोलणं चालू असलेल्या नंबरवर ऑपरेटरला शिरता यायचं. मी एकेक नंबर धरून शिरत गेले. “ट्रंक ऑपरेटर बोलतेय. डॉक्टरांना सिव्हिलमधून तातडीचा निरोप आहे, फोन खाली ठेवा.” एरवी लोक चिडायचे, मधे बोलणाऱ्या तुम्ही कोण म्हणायचे. त्या पहाटे एकानंही दुसरा शब्द काढला नाही. डॉक्टरांपर्यंत निरोप पोचत गेले, आणि या नोकरीचा मला त्या तासाभरात जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नाही.

पुढचं मात्र तसं नव्हतं.

उमरग्याकडच्या आमच्या दोनच लाइन धड चालू होत्या. एक कलेक्टर ऑफिसकडे अडकलेली. दुसरीवर मी सातच्या सुमारास एक लाइटनिंग कॉल लावून दिला होता. एसटी स्टँडजवळच्या पीसीओतून, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या बूथमधून, एका गिरणी कामगारानं बुक केलेला. गाव सास्तूर. तिथला नंबर लागत नव्हता, म्हणून उमरग्याला मेव्हणा काम करत होता त्या दुकानाचा नंबर दिलेला. मेव्हणा मोटारसायकलवरून सास्तूरला जाऊन नुकताच परतला होता. बोलणं सुरू झालंय ना, हे बघायला मी बोर्डावरची ऐकायची कळ दाबली. पलीकडून आवाज आला, “दाजी, गावात भिंत म्हणून उभी राहिली नाही.”

तेवढ्यात सिव्हिलचा दिवा पेटला. उमरग्याचं सरकारी रुग्णालय हवं, आत्ता. तिथून ट्रक भरून जखमी निघालेत म्हणतात, किती, कुठल्या जखमांचे, ऑपरेशनची तयारी किती टेबलांची करायची, काहीच माहीत नाही. सुपरवायझर बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

मी आत शिरले. “भाऊ, हॉस्पिटलसाठी लाइन काढून घ्यावी लागतेय. तुमचा कॉल मी परत लावते.”

“ताई, आईचं तेवढं कळू द्या.”

मी प्लग काढला.

दहा सेकंद देता आले असते का? तेव्हापासून हे मी किती वेळा मनात मोजलंय. पण सांगणारा दहा सेकंदांत थांबत नाही, ऐकणारा तर नाहीच, आणि सिव्हिलमधली बाई “हॅलो, हॅलो” करत होती. मी तोडलं ते बरोबरच होतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन. मात्र तोडण्याआधी माणसाला सांगायचं आणि नंतर त्याचाच कॉल पहिला लावायचा, ही जबाबदारी तोडणाऱ्याचीच आहे. हल्ली हॉस्पिटलांच्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे आतल्या फोनच्या एक्स्चेंजमध्ये, एक्स्टेंशनला प्राधान्य ठरवून देता येतं. वरच्या दर्जाचा कॉल आला की खालचा आपोआप तुटतो, फार तर एक टोन ऐकू येतो. नव्या ऑपरेटर मुली मला विचारायच्या, तेव्हा मी सांगायचे, ज्याचा कॉल तुटला त्याला तुम्ही स्वतः उलट फोन करा. मशीन करणार नाही.

सिव्हिलचं बोलणं लांबलं. त्यामागून आणखी तसेच कॉल आले. उजाडल्यावर कधीतरी किल्लारीचं नाव कानावर आलं, आणि मग दिवसभर तेच. ड्यूटी सकाळीच संपली होती, पण कुणी घरी गेलं नाही. त्या गिरणी कामगाराचं तिकीट मी बोर्डाच्या कडेला, डोळ्यांसमोर खोचून ठेवलं होतं. लाइन मिळाली ती अकराच्या पुढे. मी आधी पीसीओ लावला.

“तो कधीच गेला हो ताई,” पीसीओवाला म्हणाला. “तासभर इथंच फोनपाशी उभा होता. मग उमरग्याकडे जाणारा एक ट्रक मिळाला त्याला. लाइटनिंगचे पैसे माझ्याकडेच ठेवून गेलाय, परत आल्यावर बघू म्हणाला.”

तिकिटावर मी ‘सरकारी कॉलसाठी तोडला, आकारणी नाही’ असं लिहिलं आणि बाईंची सही घेतली. पुढचे काही दिवस ड्यूटीवर आले की मी त्या पीसीओला फोन करून विचारायचे. पैसे तसेच होते.