शनिवार दुपारची तीनची मॅच

नेरुळहून फोन आला तेव्हा मी शेफील्डमध्ये सँडीगेटच्या मैदानावर कठड्याला टेकून उभा होतो. वारा असा की कान बधिर झालेले. फोनवर एकाच वेळी चौघं बोलत होते आणि मागे पंखा घरघरत होता.

"तू तिथेच आहेस ना? मग सांग, पेनल्टी होती की नव्हती?"

"कसली पेनल्टी?"

"कसली काय अरे! मॅच बघत नाहीयेस?"

नाही बघत. बघताच येत नाही. हे मी नेरुळच्या आमच्या टीममधल्या पोरांना इथे आल्यापासून सांगतोय आणि दर वेळी त्यांना वाटतं मी थापा मारतोय. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६०च्या दशकापासूनचा नियम आहे. म्हणजे प्रीमियर लीगची तीनची मॅच नेरुळच्या हॉलमध्ये रात्री साडेआठला, जेवणाच्या आधी, आरामात दिसते. आणि ज्या देशात ती चालू आहे तिथे राहणाऱ्या मला ती दिसत नाही. तिकीट काढून जावं म्हटलं तर मोठ्या क्लबांची तिकिटं आधी त्यांच्या सभासदांना मिळतात, उरली तर आपल्याला, आणि त्या एका तिकिटात आमचा आठवड्याचा किराणा येतो.

पहिल्या वर्षी मी या नियमावर खरोखर संतापलो होतो. टीव्हीचे पैसे भरायचे, वर शनिवारी दुपारी बातम्यांतला स्कोअर ऐकायचा. ऑफिसात कुणाला बोललो तर म्हणायचे, हो, तसंच आहे. त्यांना त्यात काही खटकतच नव्हतं. कारण कळलं ते बऱ्याच उशिरा. सगळे घरात बसून मोठ्या क्लबांची मॅच बघायला लागले, तर गल्लीतल्या छोट्या क्लबाच्या तिकीट खिडकीवर कोण येणार? त्यांचं वर्ष त्या शनिवारच्या गर्दीवर चालतं. हे पटायला मला वेळ लागला, पण पटलं, आणि मग मी स्वतःच त्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो.

सँडीगेट हे हॅलम क्लबचं मैदान. जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉलचं मैदान म्हणून त्याची नोंद आहे. २६ डिसेंबर १८६० रोजी इथे हॅलम आणि शेफील्ड एफसी यांची मॅच झाली. शेफील्ड एफसीचा जन्म त्याच्या तीन वर्षं आधीचा, म्हणजे १८५७चा. आपल्याकडे १८५७ म्हटलं की दुसरंच काही आठवतं, म्हणून तो आकडा पहिल्यांदा पाटीवर वाचला तेव्हा मी क्षणभर थबकलो होतो. मैदान टेकडीवर आहे आणि चक्क उतरतं आहे. नेरुळच्या आमच्या मैदानात पावसाळ्यात एका कोपऱ्यात तळं साचायचं, तो कोपरा सोडून आम्ही खेळायचो. त्यामुळे हा उतार मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला.

आता भांडण काय होतं ते सांगतो. क्लबांची नावं लिहीत नाही, नाहीतर वाचणारे लगेच आपापली बाजू घेऊन बसतील. कॉर्नर होता. बॉल आत येत असताना बचावातल्या एका खेळाडूने बॉलकडे बघितलंही नाही, तो सरळ स्ट्रायकरच्या वाटेत आला. स्ट्रायकर त्याला धडकला, थांबला, आणि बॉल पलीकडे निघून गेला. रेफ्रीने काहीच दिलं नाही. आमचा गोलकीपर मित्र म्हणतो, हे ऑब्स्ट्रक्शन आहे, म्हणजे नुसतं वाट अडवणं, फार तर इनडायरेक्ट फ्री किक, पेनल्टी कुठून आणता? आमच्यात पुढे खेळणारा जो होता तो म्हणतो, सरळ पेनल्टी. दोघंही आपापल्या जागेवरून बोलत होते. पंधरा वर्षं ते असेच बोलत आलेत.

कॉर्नरला ही धक्काबुक्की इतकी का वाढली हे जरा समजून घ्यायला हवं. कॉर्नर किकवर थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड (बचाववाल्यांच्या पुढे जाऊन बॉलची वाट बघण्यावरची बंदी) नसते. म्हणून हल्ला करणारे गोलकीपरच्या अगदी नाकासमोर जाऊन उभे राहू शकतात. आता मोठ्या क्लबांनी फक्त कॉर्नर आणि फ्री किकसाठी वेगळे कोच ठेवलेत. आर्सेनलचे निकोला जोव्हर त्यातले सगळ्यात गाजलेले. बॉल गोलकडे वळवून मारायचा, एकाने कीपरची वाट अडवायची, दुसऱ्याने आपल्या हेडरवाल्यावर नजर ठेवणाऱ्याला रोखायचं, आणि ज्याला हेडर मारायचाय त्याने मागून मोकळ्या जागेत पळत यायचं. पाठ केलेल्या लेझीमसारखं असतं. आमचा कीपर याला फुटबॉलच मानत नाही. त्याचं म्हणणं, स्ट्रायकरने गोल करावा, माणसं अडवू नयेत. मँचेस्टर सिटीच्या हालांडने २०२२-२३ च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल केले, त्यातल्या कशासाठी त्याला कीपरच्या अंगावर उभं राहावं लागलं, असं तो विचारतो. मला हे पटत नाही. गोलसमोरच्या सहा यार्डात दोन माणसं मिळून तिसऱ्याला मोकळं करतात, यालाही डोकं लागतं. आमच्याकडे हे कुणी शिकवलं असतं तर आम्ही त्या वर्षी फायनल हरलो नसतो. (मी तेव्हा इकडे निघून आलो होतो, हे मला अजून ऐकवलं जातं. मी काय करणार होतो, व्हिसाची तारीख माझ्या हातात नव्हती.)

त्यांनी व्हिडिओ पाठवला. टीव्हीवर रिप्ले चालू असताना मोबाइलने काढलेला, १४ सेकंदांचा. पडद्यावर ट्यूबलाइटचा पट्टा चमकतोय, दोन खेळाडूंवर झूम केलंय, आणि नेमका धडकायच्या क्षणी कुणाचा तरी कोपर मधे येतो. त्या हातात प्लेट आहे, प्लेटमध्ये अर्धा वडापाव. तेवढा वडापाव बघून माझ्या पोटात जे झालं ते नियमाच्या पुस्तकात बसणारं नव्हतं.

माझ्या शेजारी दर शनिवारी एक आजोबा उभे असतात. शेफील्डमध्ये बायकांना काय, पुरुषांनाही 'लव्ह' म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मी दचकलो होतो, आता ती हाक आली नाही तर चुकल्यासारखं होतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, मग हातमोजे काढून कठड्यावर ठेवले. एक मोजा स्ट्रायकर, एक बचाववाला, थर्मासचं झाकण म्हणजे बॉल. बचाववाला मोजा त्यांनी सावकाश स्ट्रायकरपुढे सरकवला आणि म्हणाले, ऑब्स्ट्रक्शन. इनडायरेक्ट. पेनल्टी नाही. मग त्याच झाकणात मला चहा ओतून दिला. आमच्या कीपरला मी फोनवर सांगितलं, तो तिकडे ओरडला, "बघ! साहेब काय म्हणतोय बघ!"

पण मला चैन पडेना. मॅच संपल्यावर रेफ्री आमच्या बाजूने ड्रेसिंग रूमकडे निघाली. तरुण मुलगी, बुटांना चिखल. आजोबांनीच तिला थांबवलं आणि विचारलं. ती थांबली, व्हिडिओ बघितला आणि दोन मिनिटं शांतपणे समजावून दिलं. 'ऑब्स्ट्रक्शन' हा शब्द १९९७ सालीच नियमांतून गेला. आता वाट अडवणं म्हणतात. अंगाला अंग न लावता अडवलं तर इनडायरेक्ट: रेफ्री हात वर धरतो, आणि दुसऱ्या कुणाला न लागता बॉल गोलमध्ये गेला तर तो गोल नाही. धडक झाली तर मात्र डायरेक्ट फ्री किक, आणि तेच बचाववाल्याने आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये केलं तर पेनल्टी. २०१६ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. वाटेत असणं हा गुन्हा नाही, वाटेत येणं हा आहे. जो जिथे उभा आहे ती जागा त्याची.

आजोबांनी मान डोलावली, थँक यू लव्ह म्हणाले, आणि विषय संपला. हे मला फार लागलं. आमच्या मैदानावर रेफ्रीला मॅचनंतर असं कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही त्याला घेरायचो. मी पण घेरलंय. २०१७ साली डी. वाय. पाटीलला आम्ही सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची स्पेन आणि मालीची सेमीफायनल बघितली, स्पेन ३-१ जिंकलं, आबेल रुइझचे दोन गोल. पण बाहेर पडताना बोलणं एकच: मालीचा बॉल बारला लागून गोलरेषेच्या आत पडला होता, तो रेफ्रीने का दिला नाही. स्टेडियमपासून घरापर्यंत चालत आम्ही त्या रेफ्रीचा उद्धार केला.

तरी उगाच इथल्यांना डोक्यावर घेऊ नका. इथे हौशी मॅचेसमध्ये रेफ्रींना इतकी शिवीगाळ आणि मारहाण होते की २०२३ पासून काहींच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. आपल्याकडे आरडाओरडा होतो, पण मॅचनंतर टपरीवर रेफ्रीचा चहा आपणच सांगतो. आणि ऑफिसात मला कुणी विचारलं की भारतात फुटबॉल खेळतात का, तर मी आता चिडत नाही, तारखा सांगतो. ड्युरँड कप १८८८ चा, इथली फुटबॉल लीग सुरू झाली तेही साल १८८८. आमच्या मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. आणि शेफील्डच्या आजोबांना जो नियम बदललेला माहीत नव्हता, तो आमच्या कीपरलाही माहीत नव्हता. यात मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कॉर्नर किक या गावच्या नियमांतून आली, लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने ती १८७२ मध्ये उचलली. ज्यांच्या घरची कॉर्नर किक, तेही आमच्याच बाकावर बसलेत.

रात्री घरी येऊन मी ग्रुपवर सगळं नीट लिहिलं. धडक झाली, म्हणून पेनल्टी. स्ट्रायकर मित्राने फटाके टाकले. कीपर म्हणाला, धडक दिसतेच कुठे, मधे वडापाव आहे. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती तरी एकही झोपला नव्हता.

मग सरांचा आवाज आला. आमचे सर ग्रुपवर कधी लिहीत नाहीत, चष्मा शोधायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवतात. नेरुळच्या मैदानात हेच सर टाचेने मातीत रेघ ओढायचे आणि आम्हाला तिच्या अलीकडे-पलीकडे उभं करायचे. बॉल पायाच्या टप्प्यात असेल तर अंग मधे घाल, बिनधास्त घाल, ते बॉल राखणं झालं. टप्प्याबाहेर असेल तर बाजूला हो, नाहीतर रेघेवरून दहा फेऱ्या. मी त्या फेऱ्या किती मारल्या ते माझ्या पोटऱ्यांना माहीत आहे.

सर एवढंच म्हणाले, "अरे पोरांनो, यात बॉल कुठे आहे?"

मी व्हिडिओ परत लावला. दोन खेळाडू, ट्यूबलाइट, कोपर, वडापाव. शेवटच्या सेकंदापर्यंत बघितला. बॉल कुठेच नव्हता. झूम करणाऱ्याने दोघांची छाती तेवढी पकडली होती. बॉल त्या दोघांच्या टप्प्यात होता की दहा फूट लांब, हे चौघांनी रिप्लेत बघितलं असणार, पण आता एकालाही सांगता येईना.

"मॅच पूर्ण कुणाकडे आहे?" मी लिहिलं.

कीपरने उत्तर दिलं, "उद्या सकाळी लावतो. तू ऊठ लवकर."