ठुशीचा दोरा

आज गुजरीत गेले होते, ठुशीचा दोरा बदलायला. पुतणीच्या लग्नात घातली तर नुसती आवळत होती, म्हटलं दोरा आखडला असेल. सराफांनी ठुशी बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, वहिनी दोऱ्याला काय झालं न्हाई, गळा भरलाय तुमचा, सुख लागलंय. बाजूच्या दोघी हसल्या. मी पण हसले, काय करणार.

सुख लागलंय म्हणे. रंकाळ्यापर्यंत रिक्षात तेच डोक्यात.

दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी पाणी गिळायला लावून गळा चाचपला होता, सूज दाखवली होती, तरी मी दोऱ्यालाच दोष देत बसले ना! आता ह्या सुखाचं नाव हाशिमोटो. १९१२ साली त्या जपानी डॉक्टरनं पहिल्यांदा लिहून ठेवलं तेव्हा पेशंट चार, आणि चारही बायकाच. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उठते, म्हणजे भाऊबंदकीच की ही, बांधावरनं नाही तर गळ्यावरनं. रक्तात टीएसएच १४ आलेला, थायरॉईड मंदावलं की हा आकडा चढतो म्हणे, आता पन्नासची गोळी, बहुतेक जन्मभर. डॉक्टरांनी विचारलं होतं घरात कुणाला कोड, संधिवात? मी पटकन नाही म्हटलं. जिना उतरताना आत्याची बोटं आठवली. तिचं लग्न... जाऊ दे.

पण सुख? दोन वर्षं भर दुपारी डोळे मिटायचे, मे महिन्यात चादर घेऊन झोपायचे, कंगव्यात केसांचा पुंजका, आणि घरात सगळे म्हणायचे आळस भरलाय. सगळ्यात वाईट म्हणजे मला पण तेच पटलं होतं, देवीसमोर उभं राहून आळस जाऊ दे म्हणून मागितलंय मी, अंबाबाई पण मनात म्हणाली असेल बाई आधी रक्त तपास.

आता पहाटे उपाशीपोटी गोळी आणि मग तासभर चहा नाही, समोर हे मात्र बशीत ओतून फुर्र फुर्र करत पिणार. खरं सांगू, जन्मभर गोळीपेक्षा ह्या तासाचं दुःख जास्त आहे.

सराफांनी दोरा दोन बोटं वाढवून दिला, पुढंमागं लागंल म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं काय म्हटला सराफ. म्हटलं, सुख लागलंय म्हणाले.

"मग! मी तेच म्हणतो कवापासनं."