वाकळ आणि तयार ब्लँकेट

“अक्का, तयार ब्लँकेट स्वस्तात मिळतंय की, डोळे कशाला फोडून घ्यालाय?” खडे बाजारातल्या दुकानदाराने दोऱ्याची रिळे पुढे ठेवता ठेवता आज हसून विचारले, आणि ते बोलणे दिवसभर मनातून गेले नाही.

हिशेबाने त्याचेच बरोबर आहे. नाताळसाठी दोन्ही मुलांना मी सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळी शिवते आहे. कापड घरचे असले तरी दोरा, अस्तर आणि मुले झोपल्यानंतरची जागरणे मोजली, तर कोणतेही ब्लँकेट स्वस्तच ठरेल. मशीनच्या आवाजाने गुपित फुटेल, म्हणून सगळे काम हातानेच, धावदोऱ्याने चालले आहे.

धाकटीच्या वाकळीला मी चारही कोपऱ्यांत त्रिकोणी घड्यांची कापडी फुले लावली. कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीला, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळीला, अशी फुले लावतात, आणि कडेपासून सुरुवात करून ठिगळे जोडत, टाके घालत मध्यापर्यंत येतात. ही फुले तिला आवडतील, याची मला खात्री आहे.

थोरल्याचे तसे नाही. कॅम्पातल्या चर्चमधली मिस्सा आटोपली की मुले एकमेकांना काय भेट मिळाली ते विचारतात, आणि सायकल, हेडफोन यांच्या गप्पांत आजीच्या लुगड्याचे नाव काढायला तो लाजेल का, ही माझी खरी धास्ती आहे.

तेरा-चौदा वर्षांची तुमची मुले घरी शिवलेली वस्तू मित्रांना दाखवतात का?